टाकीआडचा चंद्र

आमच्या जे. पी. नगरच्या गच्चीवरून चंद्र उगवताना दिसत नाही. ईशान्येला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे, काळी, पोट सुटलेली. थंडीच्या महिन्यांत चंद्र आधी तिच्यामागे उगवतो आणि मग सवडीनं तिच्या डोक्यावरून वर येतो. पंचांगात चंद्रोदयाची वेळ होऊन गेलेली असते, खाली कुकरमधला वरणभात निवत असतो, आणि संकष्टीचा उपास धरलेली आई गच्चीच्या कठड्याला टेकून त्या टाकीकडे बघत उभी असते.

आईचं माहेर बेंगळुरूतलंच. तिच्या घराण्यातली मराठी माणसं इथं इतक्या पिढ्या आहेत की मूळ गाव कुठलं, यावरून लग्नकार्यात भांडणं होतात. वडील मात्र नागपूरकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथं आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर घरात आम्ही दोघीच. मी सॉफ्टवेअर लिहिते. आईला साखरेचा आजार आहे आणि गुडघे तर तिच्याशी बोलतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, उपास सोडा. आईनं डॉक्टर सोडला. पंचांगातली वेळ झाली की जेव, असं मी किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "दिसल्याशिवाय कसं गं? न बघताच जेवायचं, तर उपास तरी कशाला धरायचा?"

तेव्हा मीच हार मानली. तीन जिने चढून तिनं वाऱ्यात ताटकळू नये, बरोबर दिसायच्या वेळेलाच वर जावं, एवढ्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. चंद्रोदयाचं गणित काही अवघड नाही, ते जगाला ठाऊक आहे. अवघड होती ती टाकी. चंद्र दर महिन्याला वेगळ्या जागी उगवतो. पौषात टाकी पूर्ण आड येते, वैशाखात तिचा काही संबंधच नसतो, मधल्या महिन्यांत ती थोडी थोडी नडते. मग आमचा एक उद्योग सुरू झाला. आई गच्चीवरून हाक मारायची, "दिसला गं!", आणि मी खाली लॅपटॉपवर कळ दाबायचे. ढग असले की तो महिना बाद. असं काही वर्षं चाललं आणि टाकीमुळे कोणत्या महिन्यात किती उशीर होतो, ते पक्कं बसलं. प्रोग्रॅममधल्या त्या भागाचं नाव मी ठेवलं गच्ची.

मग मी तो सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला. जगभरचे लोक असं करतात, मीही आयुष्यभर लोकांचा उघडा कोड वापरून पोट भरलं होतं. अट साधी होती. घ्या, वापरा, बदला, विका सुद्धा; फक्त वरची नावं पुसू नका, आणि तुम्ही जे बदलाल तेही असंच उघडं ठेवा. गच्चीच्या फाइलीत सगळ्यात वर मी मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. चंद्र पाहिला तो आईनं, असं तिच्या पूर्ण नावानिशी. आणि खाली सूचना: ही वेळ आमच्या गच्चीची आहे, यात आमच्या शेजाऱ्यांची टाकी आहे, तुम्ही ती काढून टाका आणि तुमच्या दारासमोर जे काही असेल ते घाला.

आईला यातलं एकच कळलं नाही. "फुकट का देतेस?" मी म्हटलं, "तू गौरीचं हळदीकुंकू करतेस तेव्हा येणाऱ्या बाईकडून काय घेतेस?" ती म्हणाली, "ते वेगळं." पण स्वतःचं नाव पडद्यावर बघून तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा वाचलं. संध्याकाळी टाकीवाल्या अण्णांना कंपाउंडवरून सांगितलंसुद्धा, की तुमची टाकी आता कंप्युटरात गेली.

लोकांनी तो कोड उचलला. धारवाडच्या एका निवृत्त मास्तरांनी कॉलेजचा मनोरा घातला, चिपळूणच्या एका बाईंनी समोरचा डोंगर घातला, नाशिकच्या कुणी तरी शेजाऱ्याचा नव्यानं चढलेला मजलाच घातला, सोबत शेजाऱ्याबद्दल दोन शब्दही. ते शब्द मी काढले, मजला ठेवला. कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. दर चतुर्थीला एकमेकांना फक्त कळवायचे, दिसला.

आता त्या कंपनीबद्दल. नाव घेणार नाही. तुमच्या फोनमध्ये तिचं काही ना काही आहेच, तुम्ही घातलेलं नसलं तरी. तिचं इथलं मोठं ऑफिस सर्जापूर रोडवर आहे आणि तिथला एक वरिष्ठ माणूस, पुण्याचा, सणवार दाखवणारं कॅलेंडर काढणार होता. त्यानं मला बोलावलं. काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, मराठीत बोलला. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "तुमचं मराठी किती क्यूट आहे, मधेच कन्नड येतं." माझ्या आईच्या घराण्यानं ती भाषा इथं एवढ्या पिढ्या जिवंत ठेवली ती ह्याला क्यूट म्हणायला मिळावं म्हणून. तिथंच मी त्याला मनात एका खुंटीवर टांगून ठेवला.

त्याला कोड विकत हवा होता, पण एका अटीवर: उघडा कोड कायमचा बंद करायचा. मी म्हटलं, तो वापरायला तुम्हाला विकत घ्यायची गरजच नाही, तसाच घ्या, नावं ठेवा आणि तुमचे बदल उघडे ठेवा.

"मॅडम, लेट्स बी प्रॅक्टिकल," तो म्हणाला. "आमचा कोड आम्ही उघडा करू शकत नाही. आणि खरं सांगू? फुकटच्या वस्तूला कोणी विचारत नाही. तुम्ही आणि तुमचे ते मास्तर, हौशी लोक आहात. हौस छान असते."

मी कॉफी अर्धी टाकून उठले. बेंगळुरूत अर्धी कॉफी टाकणं म्हणजे काय, ते त्याला कळलं नसावं.

काही महिन्यांनी हुबळीहून मावशीचा फोन आला. ती चिडलेली. "तुझ्या त्या फोनमधल्या प्रोग्रॅमला काय धाड भरली गं? चंद्र माझ्या डोक्यावर आलाय आणि हे म्हणतंय अजून उगवायचा आहे." मी म्हटलं, तुझ्या घरासमोर तर माळ आहे, तू गच्चीचा भाग बंद करून घेतला होतास ना? तेव्हा कळलं की जावयानं तिला नवा फोन घेऊन दिला होता आणि त्यात आधीपासूनच एक देखणं कॅलेंडर होतं, त्या कंपनीचं. जाहिरातीत लिहिलं होतं, सर्वांत अचूक चंद्रोदय. मावशी बाकी खमकी. ती चंद्राला हात जोडून जेवून मोकळी झाली होती, फोनला शिव्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मी ते कॅलेंडर माझ्या फोनवर घेतलं आणि हुबळीचा पौषातला चंद्रोदय काढला. मग वैशाखातला. मग पुणे, नाशिक, नागपूर. त्यांच्या वेळेतून खरी वेळ वजा करत गेले आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. पौषात उशीर सगळ्यांत जास्त, वैशाखात काहीच नाही, मधे थोडा थोडा. शहर कुठलंही घ्या, फरक तोच. देशभरातल्या सगळ्या गावांच्या ईशान्येला आमच्या शेजारच्या अण्णांची टाकी उभी होती.

झालं होतं ते सरळ होतं. त्यांनी कोड उचलला, आणि कुणाचा ते कळू नये म्हणून वरच्या ओळी पुसल्या. आईचं नाव आणि टाकी काढा ही सूचना एकाच जागी होती. मराठी वाचणारा एक जरी माणूस त्यांनी तिथं बसवला असता तर वाचले असते. तो पुण्याचा साहेब मराठी वाचत होता, पण साहेब लोक कोड कुठे वाचतात. नाव गेलं, सूचनाही गेली आणि टाकी तेवढी राहिली. मी आधी हसले, पोट धरून. मग जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी काही इच्छाही नाही.

मी त्यांना सभ्य मेल लिहिली. कोड आमचा आहे, नावं परत लावा, अटी पाळा. टाकीचा उल्लेखही केला नाही. तेवढी अक्कल रागातही शाबूत होती. उत्तर वकिलांच्या भाषेत आलं: सगळं काम आमच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे केलं आहे, चंद्र कुणाच्या मालकीचा नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मी कपाळावर हात मारला. चंद्र कुणाचा नाही हे मीच तर सांगत होते.

एवढ्यावर थांबली तर ती कंपनी कसली. पुढच्याच आठवड्यात आमचा कोड इंटरनेटवरून दिसेनासा झाला. जिथं तो ठेवला होता त्या लोकांना कंपनीनं कळवलं होतं की आमच्या कोडमध्ये त्यांच्या मालकीचा भाग चोरून घातला आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी पहिल्यांदाच छापील स्वरूपात पाहिल्या. दोन्ही बाजूंचं ऐकेपर्यंत आमचं पान बंद. मास्तरांचा मनोरा, चिपळूणचा डोंगर, सगळं कुलपात.

आईला सांगावं लागलं, कारण धारवाडच्या मास्तरांनी घरच्या फोनवरच फोन केला. ती भाजी निवडत होती. तिनं शांतपणे सगळं ऐकलं, मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "म्हणजे त्यात माझं नाव आहे ते चोर म्हणून लागलं काय?"

"तसं नाही गं."

"असंच की. चोरीचा माल कुणाच्या नावावर आहे? माझ्या."

तिनं जुडी पुन्हा पुढ्यात ओढली. पण त्या महिन्यात तिनं मला हाक मारली नाही. वर गेली, चंद्र बघितला, खाली आली आणि जेवली. मी कळ दाबायला बसले होते ती तशीच बसून राहिले. टाकीवाल्या अण्णांनी कंपाउंडवरून विचारलं, "एन अक्का, आमची टाकी कशी आहे कंप्युटरात?", तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या बाईनं आयुष्यात रेशनच्या रांगेत कुणाला ढकललं नव्हतं, आणि सर्जापूर रोडवरच्या काचेतल्या लोकांनी तिला शेजाऱ्याशी बोलायला तोंड ठेवलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं. कोड परत मिळेल न मिळेल, त्या माणसाला मी चारचौघांत टाकीसमोर उभा करणार.

सूडाला घाई चालत नाही. एका ओळीत मी त्यांना टाकीचं सांगू शकत होते; त्यांनी गुपचूप ती काढली असती आणि माझ्या हातात काहीच उरलं नसतं. म्हणून मी गप्प बसले आणि मास्तरांना, चिपळूणच्या बाईंना, नाशिकवाल्यांना, सगळ्यांना कळवलं: येत्या चतुर्थीला गच्चीवर, अंगणात, माळावर, जिथं समोर काही आड येत नाही तिथं जा. चंद्र दिसला की तो, घड्याळ आणि त्या कंपनीचं कॅलेंडर यांचा एकत्र फोटो काढा.

आईनं विचारलं, "मग त्यांचा फोन बघून बसणाऱ्या बाकीच्या बायका? त्या उपाशीच की तोपर्यंत."

मी म्हटलं, "बसू देत अजून एक महिना."

तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, पण बराच वेळ. "सरी, असू दे," म्हणाली आणि उठून गेली.

फोटो आले. कुठे चंद्र विजेच्या खांबावर बसलेला, कुठे समुद्रावर, कुठे उसाच्या फडावर. आणि प्रत्येक फोटोत त्या देखण्या कॅलेंडरवर लिहिलेलं, चंद्रोदयास अवकाश आहे. मी ते बघत होते आणि मला भूक लागत होती, चांगली, कडकडून.

आमच्या धंद्यातल्या लोकांची दर महिन्याला शनिवारी एक सभा भरते, कधी या कंपनीच्या हॉलात, कधी त्या. त्या महिन्याला साहेबाचंच भाषण होतं, सर्जापूर रोडवरच, विषय भारतातल्या घराघरासाठी सॉफ्टवेअर. मी तिसऱ्या रांगेत बसले. तो छान बोलला, हे कबूल करते. मोठ्या पडद्यावर त्यानं त्याच्या टीमचा फोटो दाखवला, समया दाखवल्या, आजीबाई दाखवल्या. ते कॅलेंडर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इथं, याच इमारतीत लिहिलं गेलं, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. त्यानं मला ओळखलं, पण माइक माझ्या हातात आला होता. मी अगदी गरीब आवाजात विचारलं, "तुमच्या चंद्रोदयात थंडीच्या दिवसांत काही मिनिटं जास्त असतात, उन्हाळ्यात नसतात. ती कशाची?"

तो जराही अडखळला नाही. "ग्रेट क्वेश्चन. ते आमचं अ‍ॅक्युरसी रिफाइनमेंट आहे. हवेतल्या धुक्यामुळे चंद्र उशिरा दिसतो, त्याचं मॉडेल आमच्या रिसर्च टीमनं बनवलंय. दोन वर्षांचं काम आहे."

"म्हणजे ते संपूर्ण तुमचंच?"

"हंड्रेड पर्सेंट."

मी त्याला पुन्हा विचारलं, कारण सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. त्यानं पुन्हा सांगितलं. मग मी एक फोटो उघडून फोन शेजारच्या मुलीला दिला, तो रांगेतून पुढे गेला, संयोजकानं फोटो मोठ्या पडद्यावर लावला. आमची गच्ची, दोरीवर आईची साडी, आणि पलीकडे ती, काळी, पोट सुटलेली, तिच्या डोक्यावरून जेमतेम कपाळ काढलेला पौषातला चंद्र.

"धुकं नाही हो ते," मी म्हटलं. "टाकी आहे. जे. पी. नगरातली. आमच्या शेजारच्या अण्णांची. तुम्ही ती देशभर बसवलीत."

मग मी बाकीचे फोटो एकेक दाखवले, आणि पुसलेल्या चार ओळी वाचून दाखवल्या, आधी मराठीत, मग हिंदीत. टाकी काढा, या शब्दांवर हॉल असा काही हसला की माइकमधून शिट्टी वाजली. मागच्या रांगेत त्याच्याच कंपनीची पोरं बसली होती, तीही हसत होती, तोंडावर हात ठेवून. तो स्टेजवर पाण्याची बाटली उघडत होता, आणि ती उघडेना. तो आवाज, तो हशा, मी अजून कधी कधी ट्रॅफिकमध्ये अडकले की मनात लावते आणि ऐकते.

पुढचं भराभर झालं. आमचं पान उघडलं. कॅलेंडरमधून टाकी एका रात्रीत नाहीशी झाली. पण टाकी गेली तरी बाकीचा कोड आमचाच होता, आणि आता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. अंगारकी तोंडावर आलेली, त्यांची मोठी जाहिरात तयार, आणि अट न पाळता, आमच्या परवानगीशिवाय ते कॅलेंडर बाजारात ठेवणं वकिलांना धोक्याचं वाटायला लागलं. परवानगी द्यायला दोन सह्या लागत होत्या, माझी आणि आईची, कारण कोडवर नावं आमची होती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. त्यांचं तोंड रविवारी सकाळी आमच्या दारात उघडलं, सुकामेव्याचा डबा घेऊन.

तो एकटाच आला होता. सोफ्याच्या कडेवर बसला. आईला "आंटी" म्हणाला.

"अक्का म्हण, नाहीतर काकू म्हण," आई म्हणाली. "कापी घेतोस?"

त्यानं कापी घेतली, आणि मी बघत होते, पूर्ण प्यायला. मग सांगायला लागला. चूक खालच्या टीमकडून झाली, त्याला कल्पना नव्हती, कंपनी आमच्या कामाचा आदर करते. अंगारकीपुरती परवानगी द्या, तोवर ते नवीन कोड लिहून घेतील. मोबदला आम्ही म्हणू तो. नावाचं म्हणाल तर ते लावणं जरा किचकट आहे, पॉलिसी असते. त्यानं कागद टीपॉयवर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

मला हेच हवं होतं. मी मनात दहा वाक्यं तयार ठेवली होती, एकेक घासून पुसून. क्यूट मराठीपासून सुरुवात करणार होते. तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"स्वल्प थांब," ती मला म्हणाली. मग त्याला विचारलं, "तुझी आई असते कुठं?"

"पुण्याला. एकटीच असते."

"चतुर्थी धरते काय?"

"हो, म्हणजे, पहिल्यापासून."

"कशावर बघून सोडते?"

तो कापीच्या पेल्याकडे बघत राहिला.

"लाव तिला फोन," आई म्हणाली. "लाव की. मला बोलायचं आहे. आणि सगळ्यांना ऐकू येतं तसा लाव."

मला वाटलं तो उठून जाईल. पण आमच्यातल्या कुठल्याही मुलाला, तो कितीही वर चढलेला असो, कुणाच्या तरी आईनं असं सांगितलं की उठता येत नाही. त्यानं फोन लावून कागदाशेजारी ठेवला. पलीकडून बारीक, उत्साही आवाज आला, रविवारी मुलाचा फोन आल्याचा. त्यानं कसंबसं सांगितलं की इथं एक काकू आहेत, त्यांना बोलायचंय.

आईनं नमस्कार केला, फोनलाच. आपण कोण ते सांगितलं नाही. तब्येतीची चौकशी केली, गुडघ्यांची केली. दोघींचे गुडघे सारखेच निघाले. मग तिनं विचारलं, "तुम्ही चतुर्थीला फोन बघून जेवता म्हणे?"

"अहो, मुलानंच केलंय ते," त्या म्हणाल्या. "आधी मी आपली खिडकीतून बघायचे. आमच्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. पण आता ह्याच्या फोनवर येईपर्यंत थांबते. मागे पौषात जरा चक्करच आली मला, खाली बसले. चंद्र समोर दिसत होता हो. पण म्हटलं, ह्यानं केलंय म्हणजे विचार करून केलं असणार. आपल्या डोळ्यांचं काय खरं आता."

तो हललाही नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं, चक्कर आल्याचं. त्याच्या चेहऱ्याकडे मी सरळ बघितलं, नजर काढली नाही. त्या हॉलातल्या हशानं जे झालं नव्हतं ते आता होत होतं, आणि मला बरं वाटत होतं. 

आईनं त्यांना सगळं सांगितलं. रागानं नाही, शेजारणीला सांगावं तसं. आमच्या शेजाऱ्यांची टाकी आहे, ती इथं आड येते, तुमच्याकडे नाही येत, ही मुलं घेताना ती काढायला विसरली. आता काढली आहे. इथून पुढं तुम्ही खिडकीतून बघत जा आणि दिसला की जेवत जा, कुणाचं ऐकू नका.

मग त्या मुलाशी बोलल्या. "अरे, म्हणजे तुम्ही ते यांच्याकडून घेतलं होतंत?"

"हो, आई."

"मग तसं लिहायचं ना. मी सगळ्या सोसायटीत सांगते की माझ्या मुलानं केलंय." त्या थांबल्या. "नाव काय म्हणालात तुमचं? तुम्ही सांगितलंच नाहीत."

आई पुढे सरकली. टीपॉयवरचं पेन बाजूला केलं, फोनपाशी वाकली आणि आपलं नाव सांगितलं, सावकाश, आधी स्वतःचं, मग माझ्या वडिलांचं, मग आडनाव. पुण्याच्या त्या बाईंनी ते नीट लागावं म्हणून पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, आणि मुलाला म्हणाल्या, "तूही म्हण."

त्यानं म्हटलं.